मापकाचा वांटा

चमचाभर कोमट दुधांत गार तापमापक बुडविला, तर तो जो आंकडा दाखवील तो दुधाचा नव्हे. दूध आणि तापमापक या दोघांनीं मिळून केलेल्या वांटणीचा तो आंकडा होय. तोच तापमापक तपेलेंभर दुधांत बुडविला, तर त्याच्या पोटांत जाणारी ऊब इतकी अल्प असते कीं, ती न गेल्यासारखीच. स्वयंपाकघरांत वावरणाऱ्या कोणासही ही गोष्ट निराळी समजावून सांगावयास नको. विजेच्या बाबतींत मात्र शिकलेलीं माणसेंही ती विसरतात, आणि घरीं व्हॉल्व्हचा मायक्रोफोन जोडणाऱ्या हौशी मंडळींना या विस्मृतीचा दंड भरावा लागतो. चांगले सुटे भाग फेंकून दिले जातात, निर्दोष व्हॉल्व्ह बदलला जातो, आणि खरा दोष होता तेथेंच राहतो. आमच्या घरांत असाच एक प्रसंग आल्यामुळें, व त्याचें निराकरण शाळेंतल्या त्रैराशिकानें होण्यासारखें असल्यामुळें, हा विषय वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कंडेन्सर मायक्रोफोन ही कांहीं नवी वस्तु नव्हे. अमेरिकेंतील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनींत काम करणाऱ्या ई. सी. वेंट यांनीं तो १९१६ सालीं सिद्ध केला व १९१७ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. १९२५ पासून ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठीं विजेच्या साहाय्यानें ध्वनिमुद्रण होऊं लागलें आणि कर्ण्यांत तोंड घालून ओरडून गाण्याची गरज संपली, त्याचें बरेंच श्रेय या शोधाकडे जातें. १९२८ सालीं बर्लिन येथें गेऑर्ग नॉयमान यांनीं असे मायक्रोफोन विक्रीसाठीं तयार करण्यास आरंभ केला. त्यांच्याच कारखान्यांतील १९४९ सालचा यू ४७ आणि व्हिएन्नाच्या एकेजी कंपनीचा १९५३ सालचा सी १२ हे तर ध्वनिमुद्रकांच्या जगांत अद्याप आदर्श मानले जातात. ट्रान्झिस्टर आल्यावर व्हॉल्व्ह मागें पडले. तरी त्यांच्या आवाजाची गोडी लागलेले लोक देशोदेशीं आहेत, आणि जुन्या आकृति समोर ठेवून घरीं तसा मायक्रोफोन जोडणें हा त्यांचा छंद आहे. ती गोडी खरी कीं मानलेली, या वादांत आम्ही शिरत नाहीं.

त्याची रचना थोडक्यांत अशी. धातूच्या एका चकतीपुढें, केंसाच्या जाडीहूनही कमी अंतरावर, सुमारें सहा हजारांश मिलिमीटर जाडीचा, सोन्याचा मुलामा दिलेला प्लॅस्टिकचा पडदा ताणून बसविलेला असतो. चकती आणि पडदा मिळून एक कंडेन्सर, म्हणजे विजेचा सांठा करणारें पात्र, तयार होतें. हें पात्र फारच चिमुकलें : त्याची धारणाशक्ति ६० पिकोफॅरडच्या आसपास. तें सुमारें ६० व्होल्टांच्या दाबानें भरून ठेवावयाचें, आणि भरलेली वीज ध्वनीच्या एका आंदोलनाच्या अवकाशांत निसटूं द्यावयाची नाहीं. पडदा हालला कीं मधलें अंतर बदलतें. वीज तितकीच राहिल्यामुळें दाब बदलतो. आणि तो बदल व्हॉल्व्हच्या ग्रिडवर जाऊन पुढें मोठा होतो. वीज निसटूं नये म्हणून, ती ज्या वाटेनें भरावयाची ती वाट अतिशय अरुंद ठेवावी लागते. १० कोटी ओहमांचा विरोधक घातला, तर सेकंदास सुमारें २७ आंदोलनांच्या खालचे स्वर क्षीण होऊं लागतात. १०० कोटींचा घातला, तर ती मर्यादा तिनाच्याही खालीं जाते. घरच्या रेडिओंतील हजारांच्या व लाखांच्या विरोधकांची संवय झालेल्या माणसास हे कोटींचे आंकडे प्रथम छपाईच्या चुका वाटतात. परंतु येथें दारिद्र्य हाच धर्म आहे. या वाटेवर वीज नांवापुरतीच असते, आणि मीटरनें तिच्यांतून थोडीशी मागितली तरी घर रिकामें होतें.

आमचा पुतण्या दिवसा बँकेंत नोकरी करतो आणि रात्रीं माळ्यावर बसून डाख देण्याच्या इस्त्रीशीं खेळत असतो. त्याच्या या मायक्रोफोनाचा हेतु मात्र खेळाचा नव्हता. आमच्या मातोश्रींस अठ्ठ्याऐंशीवें वर्ष चालू आहे. जात्यावरच्या ओव्या, भूपाळ्या आणि मंगळागौरीचीं गाणीं मिळून त्यांच्या मुखांत एक लहानसें भांडारच आहे. त्यांतील कांहींच्या चाली त्यांच्या माहेरच्या असून घरांत दुसऱ्या कोणासही त्या येत नाहींत. पहांटे आवाज लागला तर दोन ओव्या होतात, नाहीं तर खोकला येतो व विषय तेथेंच संपतो. फोनवर घेतलेलें ऐकून पुतण्याचें समाधान होईना. आजी भांड्यांत तोंड घालून बोलल्यासारखी वाटते, असें त्याचें म्हणणें. म्हणून पावसाळ्यापूर्वीं मायक्रोफोन पुरा करण्याची त्यास घाई झाली होती.

एके रात्रीं तो खालीं आला. "काका, पडद्यावर साठ व्होल्ट यावयास पाहिजेत, आणि मीटर साडेपांचसुद्धां दाखवीत नाहीं. विरोधक तरी गेला आहे, नाहीं तर पडदाच आंत चकतीला टेकला आहे." नवा पडदा परदेशांतून मागविण्याच्या तो बेतांत होता, तो यावयास महिना लागला असता, आणि खर्च त्याच्या पगाराच्या मानानें लहान नव्हता. आम्हीं त्यास एकच प्रश्न केला : "तुझ्या मीटरचा स्वतःचा विरोध किती?" उत्तर त्यास पाठ होतें. एक कोटी ओहम. पाठ असलेली गोष्ट आणि हिशोबांत धरलेली गोष्ट यांत मात्र बरेंच अंतर असतें.

हिशोब असा. वीजपुरवठ्याच्या १२० व्होल्टांचे दोन सारखे भाग व्हावेत म्हणून त्यानें १०-१० लक्ष ओहमांचे दोन विरोधक एकापुढें एक जोडले होते, आणि मधल्या सांध्यापासून १० कोटींचा विरोधक पडद्याकडे नेला होता. अशा सांध्याचा स्वतःचा विरोध दोन विरोधकांच्या निम्म्याइतका, म्हणजे ५ लक्ष, धरावा लागतो. आतां मीटरची एक तार सांगाड्यास व दुसरी पडद्यास लाविली, कीं १० कोटी ५ लक्षांच्या अरुंद वाटेच्या शेवटीं १ कोटीची एक नवी वाट उघडते. ६० व्होल्टांची वांटणी त्या प्रमाणांत होणार. ६० ला ११.०५ नें भागिलें असतां ५.४३ येतात. सर्व भाग निर्दोष असतांनाही त्या मीटरनें हाच आंकडा दाखवावयाचा! दर व्होल्टास २०,००० ओहम विरोधाचा जुना कांट्याचा मीटर १०० व्होल्टांच्या पल्ल्यावर लाविला असता, तर १.१७ व्होल्ट दिसले असते. फार काय, मधल्या सांध्यावर, जेथें तुलनेनें सुबत्ता आहे, तेथेंही डिजिटल मीटर ६० ऐवजीं ५७.१ आणि कांट्याचा मीटर ४८ च दाखवितो. यांपैकीं एकही मीटर बिघडलेला नाहीं. प्रत्येकजण आपण जोडले गेल्यानंतरची स्थिति प्रामाणिकपणें सांगत असतो. त्यापूर्वींची स्थिति त्यास कोणीं विचारलेलीच नसते.

न्यायशास्त्राच्या अभ्यासकांस प्रमाता, प्रमाण, प्रमेय आणि प्रमिति ही चौकडी परिचित आहे. जाणणारा, जाणण्याचें साधन, जाणावयाची वस्तु आणि होणारें ज्ञान, अशीं हीं चार. तेथें साधन आणि वस्तु हीं निरनिराळीं असतात. येथें साधन वस्तूंतच जाऊन बसतें. जुन्या संस्कारांमुळें आम्हांस हें आठवलें, इतकेंच.

यावर पहिला उपाय असा कीं, सुबत्तेच्या जागीं मोजावें आणि दारिद्र्याच्या जागेचा अंदाज त्यावरून बांधावा. पुतण्याच्या मांडणींत ६०७२ जातीचा व्हॉल्व्ह आहे. त्याच्या कॅथोडखालीं २,००० ओहमांचा विरोधक व प्लेटवर १ लक्ष ओहमांचा. कॅथोडवर १ व्होल्ट मिळाला. २,००० ओहमांपुढें १ कोटीचा मीटर म्हणजे तपेल्यांतला तापमापक. तेथें शंका घेण्याचें कारण नाहीं. १ व्होल्टास २,००० नें भागून प्रवाह अर्धा मिलिअँपिअर निघतो. तोच प्रवाह प्लेटवरच्या १ लक्ष ओहमांतून येत असल्यामुळें तेथें ५० व्होल्ट खर्च व्हावयास पाहिजेत, म्हणजे प्लेटवर ७० उरावयास पाहिजेत. प्रत्यक्ष मोजून ७० च्या जवळपास मिळाले, तर एकाच वेळीं दोन विरोधक आणि व्हॉल्व्ह यांची साक्ष जुळली. मीटरमुळें येणारी तूट येथें शेंकडा एकाहूनही कमी असते. दोन साक्षी जुळल्या नाहींत, तर मात्र विरोधक किंवा जवळचा कंडेन्सर तपासावा.

ग्रिडला मीटर लावूंच नये. तेथें विरोध १०० कोटींचा असूं शकतो, आणि तितक्या विरोधांतून अँपिअरचा शंभर कोटीवा भाग जरी वाहिला तरी १ व्होल्टाचा फरक पडतो; व्हॉल्व्हचा सारा तोल त्या एका व्होल्टावर अवलंबून आहे. मग ग्रिडवर काय चाललें आहे तें कसें कळावें? आमच्या मतें या साऱ्या विषयांतील सर्वांत सुंदर युक्ति ही आहे. हेडफोन व ध्वनिवर्धक बंद करून मीटर कॅथोडवरच लावून ठेवावा. मग मूठ असलेल्या लहानशा तारेनें ग्रिड क्षणभर सांगाड्यास जोडावें. कॅथोडचा आंकडा हालला नाहीं, तर ग्रिड मुळांतच शून्यावर होतें. आंकडा खालीं आला, तर ग्रिडवर कोठून तरी धन दाब झिरपत होता. बहुधा मधला कंडेन्सर गळका असतो, किंवा व्हॉल्व्हमधील निर्वात स्थिति बिघडलेली असते. आंकडा वर गेला, तर ग्रिड ऋण झालेलें होतें. येथें व्हॉल्व्ह हाच मीटर झाला. इंग्लंडांत १९२० नंतरच्या दशकांत मूलिन यांनीं व्हॉल्व्हचाच व्होल्टमापक बनविला तो याच गुणामुळें, आणि पुढें रेडिओदुरुस्तीच्या बाकावर १ कोटी १० लक्ष ओहमांचे व्हॉल्व्हमीटर दिसूं लागले तेही यामुळेंच.

आतां पडद्यावरच्या साठ व्होल्टांकडे वळूं. तेथें अंदाज पुरेसा होत नाहीं, कारण वाटेंत गळती असेल तर सुबत्तेच्या जागेवरून ती कळत नाहीं. यासाठीं दोन वेळां मोजण्याची पद्धति आहे. एकदां मीटर सरळ लावून आंकडा घ्यावा. नंतर मीटरच्या तारेंत १० कोटी ओहमांचा विरोधक घालून पुन्हां आंकडा घ्यावा. पहिला आंकडा गुणिले दुसरा, भागिले दोहोंची वजाबाकी. आणि आलेल्या उत्तरास, जादा घातलेला विरोध मीटरच्या विरोधाच्या जितका पट असेल तितक्यानें, म्हणजे येथें दहानें, गुणावें. वाटेचा विरोध किती हें ठाऊक नसलें तरी खरा दाब हातीं येतो. निर्दोष मांडणींत ५.४३ व २.८५ असे आंकडे येतात : गुणाकार १५.४८, वजाबाकी २.५८, भागाकार ६, दहापट ६०.

दोन गोष्टी संभाळाव्यात. १० कोटींचा एकच विरोधक विकत घेण्यापेक्षां १ कोटीचे, शेंकडा एक अचूकतेचे, दहा घेऊन ओळीनें जोडणें स्वस्त पडतें व भरंवशाचें असतें. आणि मीटरचा विरोध १ कोटीच आहे ना, हें स्वतः पाहावें : ९ व्होल्टांच्या नव्या बॅटरीचा दाब आधीं सरळ मोजावा, मग त्यांतला एक १ कोटीचा विरोधक मध्यें घालून मोजावा. आंकडा बरोबर निम्मा झाला, तर मीटर व विरोधक सारखे.

पुतण्यानें असें दोनदां मोजलें. पहिला आंकडा ५.३३, दुसरा २.५८. पहिला पाहून तो म्हणाला, "निर्दोष असेल तर ५.४३ म्हणतां, म्हणजे ठीकच कीं!" परंतु हिशोब केला तेव्हां उत्तर ५० आलें, ६० नव्हे. १० व्होल्ट खरोखरच कोठें तरी जात होते, आणि सरळ मोजणींत त्या दहांचा मागमूस केवळ एकदशांश व्होल्टाएवढा उरला होता. अशा ठिकाणीं सरळ मोजणी निरोगी व रोगी यांत भेद करूंच शकत नाहीं. म्हणून तिच्यावर विसंबून पडदा बदलणें जसें चूक, तसेंच तिच्यावर विसंबून स्वस्थ बसणेंही चूक. गळतीची वाट त्रैराशिकानें ५० कोटी ओहमांची निघाली. चकतीला टेकलेला पडदा असता, तर दाब शून्यावर आला असता, पन्नासावर थांबला नसता. म्हणजे परदेशांतून मागवावयाची ती वस्तु निर्दोष ठरली. मग ५० कोटींची वाट कोणाची? डाख देतांना वापरलेली राळ सांध्याभोंवतीं पिंवळी पसरली होती, व तिच्यावर बोटांचे ठसे होते. कोरड्या हवेंत अशी राळ उपद्रव देत नाहीं. मृगाचीं पहिलीं सर येऊन गेल्यावर हवेंतला ओलावा तिच्यावर बसतो आणि तींतून वीज पाझरूं लागते. मायक्रोफोनांतून येणारी फुटफुट हीही बहुधा तिचीच. पुतण्यानें शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल व मऊ कुंचला घेऊन तेवढा भाग धुतला, पडद्यास थेंबही लागूं दिला नाहीं, टेबलावरच्या दिव्याच्या उबेंत दोन तास वाळविला, आणि बोट न लावतां पुन्हां मोजलें. हिशोबानें ५९.६ आले. त्यानंतरच्या आठवड्यांत मातोश्रींच्या सतरा ओव्या व दोन भूपाळ्या नोंदल्या गेल्या. एका ओवीच्या मध्यें कुकरची शिटी आहे. ती पुसून टाकण्यास त्यांनीं नकार दिला.

ज्यांस याहून अधिक अचूकता पाहिजे असेल, त्यांनीं तोलाची पद्धति वापरावी. १८४१ सालीं जर्मनींत पोगेंडॉर्फ यांनीं ती सुचविली. तराजूच्या एका पारड्यांत अज्ञात वजन व दुसऱ्यांत ज्ञात वजन घालून कांटा मध्यावर आणतात, तसेंच हें. ९ व्होल्टांच्या आठ बॅटऱ्या ओळीनें जोडल्या कीं ७२ व्होल्ट होतात. त्यांवर १०,००० ओहमांचा, दहा फेऱ्यांचा पोटेन्शिओमीटर लावून हवा तो दाब काढतां येतो. बॅटऱ्यांचें ऋण टोंक सांगाड्यास जोडावें, आणि मीटर पडदा व पोटेन्शिओमीटरचा सरकता कांटा यांच्यामध्यें धरावा. कांटा फिरवीत मीटरवर शून्य आणावें. शून्याच्या क्षणीं मीटरमधून कांहींच वाहत नाहीं, म्हणून त्याचा वांटाही शून्य. मग मीटर तेथून काढून पोटेन्शिओमीटरचा दाब निवांत मोजावा. तो सुबत्तेचा असल्यामुळें आंकडा खरा. तोल १ व्होल्टानें चुकला तरी १० कोटींच्या वाटेंतून मीटरवर ०.०९ व्होल्ट दिसतात, म्हणजे चूक लपत नाहीं. मीटर मात्र बॅटरीवर चालणारा, हातांत धरावयाचा असावा. बाकावरचे महागडे मीटर कांहीं पल्ल्यांत १,००० कोटींहून अधिक विरोध देतात खरे, पण ती सोय बहुधा १० व्होल्टांच्या आंतच असते, व आपले साठ तींत मावत नाहींत.

घाई करूं नये. पडद्याच्या वाटेंत १ मायक्रोफॅरडचा गाळणी-कंडेन्सर १० कोटींच्या मागें बसविला असेल, तर तो भरण्यास शंभर सेकंदांचा एक टप्पा लागतो, आणि आंकडा स्थिर होण्यास असे पांच टप्पे, म्हणजे आठ मिनिटें, जावीं लागतात. आंकडा हळूहळू चढत असतां तो टिपून ठेवणें व्यर्थ होय.

शेवटीं घरांतील वडीलधाऱ्यांनीं लक्ष घालावें अशी एक गोष्ट. पडद्यावरचे साठ व्होल्ट कोटींच्या विरोधकामागें असल्यामुळें बोटास फारसे जाणवत नाहींत, आणि त्यामुळेंच मुलांना खोटा धीर येतो. त्याच पेटींत, दोन बोटांच्या अंतरावर, १२० व्होल्ट कसल्याही अडथळ्याविना उभे असतात. सांगाडा भूमीस जोडलेला असावा, मोजतांना पायांत रबरी चप्पल व एक हात पाठीमागें असावा, आणि पेटी उघडी टाकून कोणीही जेवावयास जाऊं नये. वीज बंद केल्यावरही वीजपुरवठ्यांतील कंडेन्सर भरलेले राहतात. १०० मायक्रोफॅरडचा सांठा १०,००० ओहमांच्या विरोधकांतून पांच सेकंदांत बहुतेक रिकामा होतो. तरी हात घालण्यापूर्वीं मीटरवर शून्य पाहून घ्यावें, आणि या कामास घरांतला साधा मीटर अगदीं पुरेसा आहे.